ऑलिम्पिकमधलं महिला बॉक्सिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑलिम्पिक, एशियाड किंवा राष्ट्रकुल स्पर्धा जवळ आल्या की मेरी कोम, लवलीना, निखत ही नावं घरोघरी ऐकू येतात. पण लढत सुरू झाली की गोंधळ उडतो. आपली मुलगी जिंकली असं वाटत असताना पंच दुसऱ्याच बॉक्सरचा हात वर करतात, आणि कालची विश्वविजेती ऑलिम्पिकच्या संघात दिसतच नाही. असं का होतं, ते इथे सांगण्याचा प्रयत्न केला आहे. भर ऑलिम्पिकवर आहे. एशियाड आणि राष्ट्रकुलचा उल्लेख गरजेपुरता येईल.

ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग कधी सुरू झालं?

२०१२ मध्ये, लंडनला. पुरुषांचं बॉक्सिंग १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकपासून आहे. त्याच स्पर्धेत महिलांची लढत प्रात्यक्षिक म्हणून झाली होती, पण पदकासाठी रिंगणात उतरायला त्यांना पुढची १०८ वर्षं थांबावं लागलं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २००९ च्या ऑगस्टमध्ये मंजुरी दिली, आणि ५ ऑगस्ट २०१२ रोजी रशियाची एलेना सावेल्येवा आणि उत्तर कोरियाची किम हे-साँग यांच्यात पहिली लढत झाली. चार दिवसांनी ब्रिटनची निकोला ॲडम्स चीनच्या रेन चानचानला हरवून पहिली ऑलिम्पिक विजेती ठरली. त्याच दिवशी ६० किलोत आयर्लंडची केटी टेलर आणि ७५ किलोत अमेरिकेची क्लॅरेसा शील्ड्स यांनी सुवर्ण जिंकलं. शील्ड्स तेव्हा १७ वर्षांची होती. आजच्या नियमांत तिला उतरताच आलं नसतं, कारण आता वयोमर्यादा १९ ते ४० आहे.

पहिल्या जागतिक स्पर्धेसाठी मात्र ऑलिम्पिकची वाट पाहावी लागली नाही. ती २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रँटनला झाली. मणिपूरच्या कांगथेई गावची मेरी कोम तिथे रौप्यपदक घेऊन आली. पुढच्या वर्षी तुर्कस्तानातल्या अंतल्यात तिने सुवर्ण जिंकलं. म्हणजे लंडनमध्ये हा खेळ नव्याने दाखल झाला, तेव्हा मेरी दहा वर्षांहून अधिक काळ जगातल्या सर्वोत्तम बॉक्सरपैकी एक होती.

महिलांचे वजनगट किती असतात?

लंडन आणि रिओत तीन, टोकियोत पाच, पॅरिसमध्ये सहा. २०२८ च्या लॉस एंजेलिसला सात मंजूर झाले आहेत, आणि तिथे पहिल्यांदाच स्त्री-पुरुषांचे गट सारखे असतील. लंडनला पुरुषांचे दहा गट आणि २५० बॉक्सर होते. महिलांचे तीन गट आणि ३६ बॉक्सर. पॅरिसमध्ये दोन्हीकडे १२४ बॉक्सर होते. बारा वर्षांत एवढं अंतर कापलं गेलं, ही मोठीच गोष्ट आहे.

पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांचे दहा ते बारा गट असतात आणि ऑलिम्पिकमध्ये त्याच्या निम्मे. या खेळातली बरीचशी दुःखं या फरकातून येतात. म्हणून पुढच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलं आहे.

आपल्या बॉक्सर सारख्या वजनगट का बदलतात?

बदलावा लागतो म्हणून. हौसेने कोणी बदलत नाही.

मेरी कोमने लंडनपूर्वीची पाचही जागतिक सुवर्णं ४५ ते ४८ किलोच्या गटांत जिंकली. ऑलिम्पिकमध्ये सर्वांत हलका गट होता ५१ किलोचा. तीन किलो म्हणजे काय, असं बाहेरून वाटतं. पण ५१ किलोत खेळणाऱ्या बहुतेकजणी सरावात ५३-५४ किलोच्या असतात आणि स्पर्धेसाठी वजन उतरवतात. मेरीला तिथपर्यंत खाऊन, कमावून चढावं लागलं. समोरच्या मुली तिच्याहून उंच आणि लांब हातांच्या. तरी तिने पोलंडच्या कॅरोलिना मिखाल्चुकला हरवलं, ट्युनिशियाच्या मारूआ रहालीला हरवलं, आणि उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून ६-११ अशी हरून कांस्य घेतलं. ४८ किलोचा गट असता तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेलेला नाही.

लवलीना बोर्गोहाईंचं उलट झालं. आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातल्या बारोमुखिया गावच्या या उंच मुलीने टोकियोत ६९ किलोत कांस्य जिंकलं. पॅरिससाठी तो गटच काढून टाकला. आता खाली ६६ किंवा वर ७५. ती वर गेली, ७५ किलोत २०२३ ची विश्वविजेती झाली, हांगझौच्या एशियाडला रौप्य घेतलं, आणि पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या ली चियानकडून हरली. ली चियान वर्षानुवर्षं ७५ किलोतच खेळत आली होती. पुढे सुवर्णही तिलाच मिळालं.

निझामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला ५२ किलोची विश्वविजेती झाली. पॅरिसला गट होता ५० किलोचा, म्हणून ती खाली आली. जास्मिन लंबोरिया ६० वरून ५७ वर आली.

ज्यांना बदलूनही जागा मिळत नाही त्यांचं काय? २०२३ च्या दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेत भारताच्या चारजणी विजेत्या ठरल्या: ४८ किलोत नीतू घनघस, ५० किलोत निखत, ७५ किलोत लवलीना, ८१ किलोत स्वीटी बूरा. पॅरिसमध्ये ४८ आणि ८१ किलोचे गट नव्हतेच. नीतूच्या जवळच्या गटात निखत होती, स्वीटीच्या जवळच्या गटात लवलीना. नीतू आणि स्वीटी जगात पहिल्या असूनही पॅरिसच्या ऑलिम्पिकला गेल्या नाहीत. त्यात दोघींचाही काही दोष नव्हता.

२०२५ च्या लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेतही तेच चित्र. जास्मिनने ५७ किलोत सुवर्ण जिंकलं, रोहतक जिल्ह्यातल्या रुडकी गावच्या मीनाक्षी हुड्डाने ४८ किलोत सुवर्ण, नूपुर श्योराणने ८० किलोवरील गटात रौप्य आणि पूजा राणीने ८० किलोत कांस्य. या चारपैकी पॅरिसमध्ये फक्त जास्मिनचा गट होता.

एखादी विश्वविजेती ऑलिम्पिकमध्ये का नाही, असं कोणी विचारलं तर आधी तिचा वजनगट बघा. निम्म्याहून अधिक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

लढत किती वेळ चालते?

तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती. लंडन आणि रिओत महिलांसाठी दोन मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या. २०१७ पासून स्त्री-पुरुषांना सारखंच. अकरा मिनिटांत सगळं संपतं, त्यामुळे पहिली फेरी हातची गेली की सावरायला फार वाव उरत नाही.

गुण कसे देतात? आपली बॉक्सर दोन फेऱ्या जिंकूनही हरली, असं कसं?

रिंगणाभोवती पाच जज बसतात. प्रत्येक जज प्रत्येक फेरीत सरस बॉक्सरला १० आणि दुसरीला बहुधा ९ गुण देतो. फरक मोठा असेल तर ८, अगदीच एकतर्फी असेल तर ७. नेमके आणि दमदार ठोसे किती बसले, तंत्रात आणि डावपेचांत कोण वरचढ, कोण अधिक जिद्दीने लढलं, हे बघितलं जातं. ठोसा ग्लोव्हच्या पुढच्या, बोटांच्या पेरांच्या हाडांवर येणाऱ्या भागाने बसला पाहिजे. आतल्या बाजूने मारलेली चापट मोजत नाहीत. लक्ष्य म्हणजे कमरेच्या पट्ट्याच्या वर, डोकं आणि धड, तेही पुढून आणि बाजूने. हातांवर अडवलेले ठोसे प्रेक्षकांना फार जोरदार वाटतात, पण त्यांना गुण नाहीत.

आता खरी मेख. प्रत्येक जज आपापल्या तीन फेऱ्यांची बेरीज करतो आणि त्या बेरजेत जी पुढे तिला त्याचं मत जातं. पाचांपैकी किमान तीन मतं मिळाली की विजय. ५-० म्हणजे एकमताने, ३-२ किंवा ४-१ म्हणजे विभागून.

टोकियोत २९ जुलै २०२१ रोजी मेरी कोम आणि कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया यांच्यात काय झालं ते पाहा. पहिली फेरी व्हॅलेन्सियाने ४-१ अशी घेतली. दुसरी आणि तिसरी मेरीने ३-२ अशा घेतल्या. फेऱ्या मोजल्या तर मेरी दोन, व्हॅलेन्सिया एक. निकाल लागला ३-२, व्हॅलेन्सियाच्या बाजूने. दुसरी फेरी मेरीला देणारे तीन जज आणि तिसरी देणारे तीन जज, हे तेच तिघे नव्हते. चार जजांच्या कागदावर मेरी पहिल्या फेरीनंतरच मागे होती. अशा जजाचं मत मिळवायचं तर त्याच्याकडून उरलेल्या दोन्ही फेऱ्या घ्याव्या लागतात, आणि तसं पुरेशा जजांच्या बाबतीत घडलं नाही. निकाल लागला तेव्हा आपण जिंकलो असंच मेरीला वाटलं होतं. घरी टीव्हीसमोर बसलेल्या आपल्यालाही तसंच वाटलं. मला तो निकाल आजही पटत नाही, पण हिशोब नियमाप्रमाणे होता हे मान्य करावं लागतं.

लंडनला पद्धत वेगळी होती. ठोसा बसला की जज यंत्राचं बटण दाबायचे, आणि बसलेल्या ठोशांवरून गुण ठरायचे. म्हणून तेव्हाचे निकाल १६-७, १०-८ असे दिसतात. ती पद्धत २०१३ मध्ये गेली. रिओत पुरुषांच्या काही निकालांवरून एवढा गदारोळ झाला की तिथे काम केलेल्या सगळ्या ३६ पंच-जजांना बाजूला ठेवलं गेलं. टोकियोपासून पाचही जजांचे गुण धरले जातात आणि प्रत्येक फेरीनंतर ते जाहीरही होतात. त्यामुळे आपण कुठे आहोत ते बॉक्सरला आणि कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाला कळतं. ही सुधारणा मनापासून स्वागतार्ह आहे.

निकालाविरुद्ध दाद मागता येते का?

जजांच्या मताविरुद्ध दाद मागून निकाल फिरवणं जवळपास अशक्यच. २०१४ च्या इंचॉन एशियाडला सरिता देवीचं प्रकरण झालं, त्याच्या मुळाशी हेच होतं. ६० किलोच्या उपांत्य फेरीत तिने कोरियाच्या पार्क जी-नाला चांगलंच झोडपलं होतं, तरी निकाल पार्कच्या बाजूने लागला. पदकप्रदानाच्या वेळी सरिताने रडत रडत आपलं कांस्य पार्कच्याच गळ्यात घातलं. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिच्यावर एक वर्षाची बंदी घातली. सरिताने माफी मागितली, शिक्षा भोगली आणि पुन्हा रिंगणात उतरली. तिचं वागणं शिस्तीत बसत नव्हतं, पण तिच्या रागाला कारण होतं. ती लढत पाहिलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

कांस्यपदकं दोन का देतात?

उपांत्य फेरीत मार खाल्लेल्या दोघींना दोन दिवसांनी पुन्हा तिसऱ्या क्रमांकासाठी लढवणं आरोग्याला बरं नाही, म्हणून दोघींनाही कांस्य. याचा अर्थ उपांत्यपूर्व लढत जिंकली की पदक पक्कं. म्हणूनच त्या लढतीचं दडपण कधी कधी अंतिम लढतीपेक्षाही जास्त असतं. टोकियोत लवलीनाने ३० जुलैला चिनी तैपेईच्या (म्हणजे तैवानच्या) चेन निएन-चिनला ४-१ असं हरवलं, त्याच क्षणी भारताचं पदक ठरलं. त्याआधी चेनने तिला हरवलेलं होतं, म्हणून त्या विजयाची गोडी आणखी.

नॉकआऊट होतात का?

होतात, पण क्वचित. जास्त वेळा दिसतो तो आठपर्यंतचा काउंट. ठोसा लागून बॉक्सर डळमळली, मग ती उभी असली तरी, रेफरी लढत थांबवून आठपर्यंत मोजतो आणि तिच्या डोळ्यांत पाहून पुढे लढायला सोडायचं की नाही ते ठरवतो. परिस्थिती बरी वाटली नाही तर लढत तिथेच थांबते. प्रशिक्षकही टॉवेल टाकून आपल्या बॉक्सरला बाहेर काढू शकतो. डोक्याला मार लागून नॉकआऊट झालं तर किमान ३० दिवस लढत तर नाहीच, स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढतही नाही.

महिला हेडगार्ड घालतात, पुरुष का घालत नाहीत?

पुरुषांचं हेडगार्ड २०१३ मध्ये काढलं. हेडगार्डमुळे बाजूचं नीट दिसत नाही, बॉक्सर बेफिकीर होऊन डोकं पुढे घालतात, आणि मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. महिलांबाबत तेवढी माहिती गोळाच झालेली नव्हती, म्हणून त्यांचं हेडगार्ड राहिलं. ते भुवई आणि कपाळ फाटण्यापासून वाचवतं हे नक्की. ते काढायचं की ठेवायचं, हे स्त्रियांवर केलेल्या अभ्यासावरूनच ठरावं असं मला वाटतं. पुरुषांवरचे निष्कर्ष उचलून लावू नयेत.

बाकी सामान म्हणजे १० औंसांचे ग्लोव्हज, आत हातांना गुंडाळलेली पट्टी आणि दातांवर गमशील्ड. गमशील्ड लाल रंगाचं चालत नाही, रक्त आलं तर कळलं पाहिजे म्हणून. छातीसाठी संरक्षक कवच घालणं ऐच्छिक आहे.

स्कर्ट घालावाच लागतो का? हिजाब चालतो का?

स्कर्ट सक्तीचा नाही. लंडनपूर्वी संघटनेतल्या काहींनी महिलांना स्कर्ट घालायला लावायची टूम काढली होती; त्यावर बॉक्सरनी जोरदार आक्षेप घेतला आणि शेवटी ज्यांना हवा त्यांनी घालावा असं ठरलं. हिजाब आणि अंगभर घट्ट पोशाखाला २०१९ मध्ये परवानगी मिळाली. पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाची टीना रहिमी हिजाब घालून लढली. केस मोठे असतील तर हेडगार्डच्या आत नीट बांधलेले हवेत.

वजन कधी आणि किती वेळा करतात?

ज्या दिवशी लढत असेल त्या दिवशी सकाळी, दर वेळी. पाच लढती असतील तर पाच सकाळी. काट्यावर गटाच्या मर्यादेच्या वर काही ग्रॅमही चालत नाहीत. वजन जास्त भरलं तर लढत न खेळताच हार. पॅरिसमध्ये विनेश फोगाटचं १०० ग्रॅमवरून काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. खेळ कुस्तीचा, नियम थोडे वेगळे, पण सकाळच्या काट्याची धास्ती तीच.

रात्री पाणी जवळजवळ बंद, पहाटे दोन-दोन कपडे घालून दोरीवरच्या उड्या, तोंडातली थुंकीसुद्धा बाहेर टाकायची, मग काट्यावर उभं राहायचं. वजन बसलं की डॉक्टरांची तपासणी. त्यानंतर कुठे पाणी आणि अन्न. आणि काही तासांनी रिंगण. पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीरात पाणी साठून अनेकींचं वजन वाढतं, पण काटा ते लक्षात घेत नाही. पूर्वी प्रशिक्षकांशी हे बोलायलाही मुली संकोचायच्या. आता राष्ट्रीय शिबिरांत आहारतज्ज्ञ असतात आणि पाळीच्या तारखा धरून वजनाचं नियोजन होतं, हे फार बरं झालं.

लढतीआधी बॉक्सरला आपण गरोदर नसल्याचं लेखी निवेदनही द्यावं लागतं.

आई झाल्यावर परत येता येतं का?

मेरी कोमला २००७ मध्ये जुळे मुलगे झाले. २००८ मध्ये चीनच्या निंगबोला ती पुन्हा विश्वविजेती झाली. २०१० मध्ये पुन्हा, आणि २०१८ मध्ये दिल्लीत सहाव्यांदा. त्याच २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, तेव्हा ती ३५ वर्षांची, तीन मुलांची आई.

भारताने आजवर किती पदकं मिळवली?

ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगची एकूण तीन, तिन्ही कांस्य: विजेंदरसिंग २००८, मेरी कोम २०१२, लवलीना टोकियो. म्हणजे तीनपैकी दोन महिलांची, आणि त्यांना संधी मिळू लागली २०१२ पासून. रिओला आपली एकही महिला पात्र ठरली नव्हती.

एशियाडमध्ये महिलांचं बॉक्सिंग २०१० ला ग्वांगझौत आलं. तिथे मेरी आणि कविता गोयत यांना कांस्य. २०१४ ला इंचॉनमध्ये मेरीने सुवर्ण जिंकलं, एशियाडचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला बॉक्सर. २०१८ ला जकार्तात महिलांना काहीच नाही. हांगझौला लवलीनाचं रौप्य, निखत आणि प्रीती पवार यांचं कांस्य.

राष्ट्रकुलमध्ये सुरुवात २०१४ ला ग्लासगोत. सरिता देवीला रौप्य, पिंकी राणीला कांस्य. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये नीतू आणि निखत यांना सुवर्ण, जास्मिनला कांस्य.

पॅरिसला एकही पदक का नाही?

चारजणी गेल्या होत्या आणि ड्रॉ, म्हणजे कोणी कोणाशी लढायचं याची सोडत, कठीण निघाला. निखतला मानांकन नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याच लढतीत समोर आली चीनची वू यू, जी पुढे सुवर्ण जिंकली. प्रीती पवार कोलंबियाच्या येनी आरियासकडून २-३ अशी थोडक्यात हरली. जास्मिनला पहिल्याच लढतीत फिलिपिन्सची नेस्थी पेटेसिओ मिळाली, टोकियोची रौप्यविजेती. लवलीनाचं वर आलंच आहे. निखतचा पराभव मला सर्वांत जास्त लागला. मानांकन मिळण्यासाठी ठरावीक स्पर्धांतले निकाल लागतात. दोनदा विश्वविजेती होऊनही ते हिशोबात आलं नाही. पुढच्या वेळी आपल्या संघटनेने या गणिताकडे आधीपासून लक्ष द्यायला हवं.

ऑलिम्पिकचा कोटा कसा मिळतो?

कोटा म्हणजे ऑलिम्पिकमध्ये खेळण्यासाठी मिळवलेली जागा. पॅरिससाठी आशियातल्या बॉक्सरना हांगझौचं एशियाड ही पहिली पात्रता स्पर्धा होती. त्यानंतर इटलीतल्या बुस्तो अर्सित्सिओ आणि बँकॉक इथे दोन जागतिक पात्रता स्पर्धा झाल्या. परवीन हुड्डाने ५७ किलोचा कोटा हांगझौलाच मिळवला होता. पण उत्तेजक चाचणीसाठी आपण कुठे आहोत हे वेळोवेळी कळवायचा नियम असतो, आणि बारा महिन्यांत तीनदा ते चुकलं तर निलंबन होतं. परवीनचं तसं झालं, आणि तिच्यासोबत कोटाही गेला. तेव्हा ६० किलोत खेळणारी जास्मिन ५७ वर आली आणि बँकॉकला तो परत मिळवला. उत्तेजक घेतल्याचा परवीनवर आरोपही नव्हता. मोबाइलवर माहिती भरायची राहिली, एवढ्यावर ऑलिम्पिक गेलं. तरुण खेळाडूंच्या मागे हे बघणारं एक माणूस तरी असायलाच हवं.

मेरी आणि निखत यांच्यातला वाद काय होता?

टोकियोच्या पात्रता स्पर्धेसाठी ५१ किलोत मेरीला थेट पाठवावं अशी हालचाल होती. निखतने उघडपणे निवड चाचणी मागितली. २८ डिसेंबर २०१९ ला दिल्लीत चाचणी झाली, मेरीने ती ९-१ अशी जिंकली, आणि लढतीनंतर हात मिळवला नाही. मेरीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, त्या प्रकरणात निखतचं म्हणणं बरोबर होतं. चाचणी सगळ्यांना सारखी हवी. निखतने पुढे दोन जागतिक सुवर्णं जिंकली.

इमान खलीफचं प्रकरण नेमकं काय?

अल्जीरियाची खलीफ ६६ किलोत आणि चिनी तैपेईची लिन यू-तिंग ५७ किलोत पॅरिसला सुवर्ण जिंकल्या. या दोघींना आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने २०२३ च्या दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेतून, स्पर्धा चालू असताना, लिंगपात्रतेच्या कारणावरून बाद केलं होतं. त्या चाचण्यांचे तपशील संघटनेने नीट उघड केले नाहीत. पॅरिसचं बॉक्सिंग ऑलिम्पिक समितीने स्वतः चालवलं, आणि त्यांच्या निकषानुसार पासपोर्टवरची नोंद धरली गेली. त्यामुळे दोघी पात्र होत्या. इटलीची अँजेला कारिनी ४६ सेकंदांत लढत सोडून बाहेर पडली आणि जगभर वादळ उठलं. कारिनीने नंतर खलीफची माफीही मागितली.

२०२५ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेने महिला गटात खेळण्यासाठी जनुकीय चाचणी सक्तीची केली. खलीफने त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. पात्रतेचा नियम कोणता असावा यावर शास्त्रज्ञांत आणि खेळाडूंत प्रामाणिक मतभेद आहेत. पण नियम स्पर्धेआधी ठरलेला आणि जाहीर असावा, आणि तो पाळून उतरलेल्या मुलीची समाजमाध्यमांवर विटंबना होऊ नये, एवढं तरी कोणालाही पटावं. पॅरिसमध्ये जे झालं ते क्रूर होतं.

बॉक्सिंग ऑलिम्पिकमधून जाणार होतं ना?

तशी वेळ आली होती. जुन्या संघटनेचा कारभार, पैशांचे व्यवहार आणि पंचगिरी यांवरून ऑलिम्पिक समितीने जून २०२३ मध्ये तिची मान्यता काढून घेतली, आणि लॉस एंजेलिसच्या सुरुवातीच्या यादीत बॉक्सिंग नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड बॉक्सिंगला फेब्रुवारी २०२५ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली आणि मार्चमध्ये खेळाची जागा पक्की झाली.

महाराष्ट्रातल्या मुली या खेळात कुठे आहेत?

ज्येष्ठ गटात अजून हरियाणा आणि ईशान्य भारताचंच राज्य आहे, पण युवा गटात आपल्या मुलींनी जग जिंकलेलं आहे. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्त्सेला ८१ किलोवरील गटात युवा जागतिक सुवर्ण जिंकलं. पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये स्पेनमधल्या ला नुसियाला ५२ किलोत. अल्फियाच्या गटाला ऑलिम्पिकमध्ये जागाच नाही. पॅरिसला महिलांचा सर्वांत वरचा गट ७५ किलोचा होता. एवढ्या वजनदार, ताकदवान मुलीला सहा-सात किलो उतरव म्हणून सांगणं सोपं, करणं अवघड.

पुण्यात लष्कराची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, अकोल्यात राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकवलं जातं. जिल्ह्या-जिल्ह्यांत क्लब आहेत, दर्जा मात्र कमी-जास्त.

माझ्या मुलीला बॉक्सिंग शिकायचं आहे. काय बघावं?

आधी प्रशिक्षक बघा, मग जागा. चांगला प्रशिक्षक पहिले काही महिने मुलीला कोणाशी लढवतच नाही. उभं राहणं, पाय हलवणं, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि बचाव एवढंच करून घेतो. दुसऱ्याच आठवड्यात स्पॅरिंगला उभी करत असतील तर तिथे ठेवू नका. सरावात हेडगार्ड आणि गमशील्ड सक्तीचं आहे का, डोक्याला मार लागला तर घरी कळवतात का, मुलींसाठी कपडे बदलायला स्वतंत्र खोली आहे का, हे स्वतः जाऊन बघा.

आणि वजनाबद्दल विचारा. वाढत्या वयातल्या मुलीला जिल्हा स्पर्धेसाठी उपाशी ठेवून खालच्या गटात ढकलणारे प्रशिक्षक अजून आहेत. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. ती ज्या वजनाची आहे त्या गटात तिला खेळू द्या. पुढे ज्येष्ठ गटात गेल्यावर कोणत्या गटात राहायचं ते तिचं तिला, आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने, ठरवता येईल.